रागाच्या तोंडून रागाची ओळख : पंडित विष्णु नारायण भातखंडे

मराठीच्या तासाला वृत्तें शिकवितांना आम्हां शिक्षकांना एक जुनी सोय फार उपयोगी पडते. वृत्ताचें लक्षण सांगणारी ओळ त्याच वृत्तांत रचलेली असते. भुजंगप्रयातांत कोणता गण किती वेळां येतो हें सांगणारा चरण स्वतःच भुजंगप्रयाताच्या चालीनें डुलत जातो. मुलगा तो पाठ म्हणूं लागला कीं नियम आणि त्याचें उदाहरण हीं दोन्ही एकदमच त्याच्या पदरीं पडतात. पाढे, परवचा, अमरकोश हें सारें आमच्या वाडवडिलांनीं असेंच चालीवर तोंडपाठ केलें. चालीवर घोकलेलें लवकर विसरत नाहीं, हें आपल्याकडील पंतोजींना फार पूर्वींपासून ठाऊक होतें.

हिंदुस्थानी संगीतांत हीच युक्ति रागांच्या बाबतींत वापरलेली आहे. ज्या गीताच्या शब्दांत एखाद्या रागाचे नियम सांगितलेले असतात आणि जें त्याच रागांत गाइलें जातें, त्यास लक्षणगीत म्हणतात. गायनाच्या परीक्षेस बसणाऱ्या पुष्कळ मुलामुलींना असें एखादें तरी गीत येतें. परंतु तें कोणीं रचलें, कशासाठीं रचलें, आणि त्या उद्योगापायीं एका गृहस्थानें आपल्या आयुष्याचीं किती वर्षें वेंचलीं, हें विचारलें तर उत्तर क्वचितच मिळतें. म्हणून यंदा त्या गृहस्थांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथें १० ऑगस्ट १८६० रोजीं, गोकुळाष्टमीच्या दिवशीं झाला. घरची स्थिति साधारण, पण घरांत गाण्याची आवड होती. लहानपणीं त्यांना बासरीचा नाद लागला व पुढें वल्लभदास दामुलजी यांच्यापाशीं ते सतार शिकले. गाणेंबजावणें हा त्या काळीं भल्या घरच्या मुलाचा धंदा समजला जात नसे. त्यामुळें शिक्षणाचा रस्ता त्यांनीं सोडला नाहीं. १८८५ सालीं मुंबई विश्वविद्यालयाची बी. ए. ची व १८८७ सालीं एल्एल्. बी. ची पदवी त्यांनीं मिळविली. कांहीं काळ कराचीस व नंतर मुंबईस त्यांनीं वकिली केली. ह्या वकिलीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करितों. साक्षीपुरावा गोळा करावयाचा, एका साक्षीदाराचें म्हणणें दुसऱ्याच्या म्हणण्याशीं ताडून पाहावयाचें, आणि ऐकीव गोष्टीवर भिस्त ठेवावयाची नाहीं, ही जी संवय त्यांना कायद्यानें लावली तीच पुढें संगीतांत त्यांच्या कामीं आली.

मुंबईंत पारशी गृहस्थांनीं चालविलेली गायन उत्तेजक मंडळी नांवाची एक संस्था होती. ती १८७० सालीं निघाली. १८८४ सालीं तरुण भातखंडे तिचे सभासद झाले. तेथें येणाऱ्या गवयांचें गाणें ऐकण्याची व त्यांच्यापाशीं शिकण्याची संधि त्यांना मिळाली. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनीं धृपदें घेतलीं; अली हुसेन व विलायत हुसेन ह्या खांसाहेबांकडून ख्याल घेतले. शेंकडों चिजा तोंडपाठ झाल्या. परंतु ह्या विद्यार्थ्याला एक खोड होती. तो प्रश्न विचारी. ह्या रागांत निषाद का वर्ज्य आहे? सकाळच्या रागांतील हेच स्वर संध्याकाळच्या रागांतहि आहेत, तर मग दोहोंत फरक कोणता? अमक्या घराण्यांत हा राग एका तऱ्हेनें गातात आणि तमक्या घराण्यांत दुसऱ्या तऱ्हेनें, तर त्यांतील कोणतें रूप धरावें? ह्यांवर उत्तर बहुधा एकच येई: गुरूनें असेंच शिकविलें. पुष्कळदां तर उत्तर येतच नसे.

येथें त्या जुन्या गवयांवर अन्याय होऊं नये म्हणून दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. उस्तादांनीं विद्या लपविली, असें सरसकट लिहून मोकळें होणें सोपें असतें; अनेक चरित्रकार तसें करितात. पण त्या माणसांना शेत नव्हतें, वतन नव्हतें, पेन्शन नव्हतें. दरबारचा आश्रय एखाद्या राजाच्या मर्जीवर अवलंबून असे. बापानें मुलाला ठेवण्यासारखी एकच मालमत्ता त्यांच्याजवळ होती, आणि ती म्हणजे दोनचारशें चिजा व त्यांचे मर्म. तें भांडार कोणा वकिलानें येऊन वहींत उतरून घ्यावें व छापून आण्या-दोन आण्यांला विकावें, हें त्यांना कसें रुचावें? त्यांचा संशय निर्मूळ नव्हता. परंतु त्याचबरोबर दुसरी गोष्टहि तितकीच खरी होती. एखादा वृद्ध गवई निपुत्रिक वारला कीं त्याच्याबरोबर कांहीं राग आणि कित्येक चिजा कायमच्या नाहींशा होत. ज्या मुलाचा बाप गवई नाहीं त्याला, व मुलींना तर त्याहूनहि अधिक, ह्या विद्येचें दार बहुधा बंदच असे. ह्या दोन सत्यांच्या कात्रींत भातखंडे यांचें सर्व आयुष्य गेलें, असें आम्हांस वाटतें.

१९०० सालीं त्यांच्या पत्नीचा अंत झाला. १९०३ सालीं मुलगीहि गेली. ह्या दुःखाविषयीं अधिक लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं ह्यानंतर त्यांचें मन वकिलींत राहिलें नाहीं. पुढें तो धंदा त्यांनीं अजीबात सोडला आणि उरलेलें आयुष्य संगीतालाच वाहिलें.

१९०४ सालीं ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर हीं सामान्य यात्रेकरूचीं ठिकाणें. परंतु हा यात्रेकरू देवळापेक्षां पोथीशाळेंत अधिक वेळ घालवी. एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षित ह्या थोर संगीतशास्त्रज्ञांची त्यांनीं भेट घेतली. सतराव्या शतकांतील व्यंकटमखी ह्या पंडिताचा चतुर्दण्डिप्रकाशिका नांवाचा संस्कृत ग्रंथ ह्या प्रवासांत त्यांच्या हातीं आला. बारा स्वरांतून सात-सात स्वरांचे बहात्तर मेळ गणितानें कसे तयार होतात, हें त्यांत दाखविलेलें आहे. एवढे सगळे राग कांहीं थोड्या चौकटींत बसवितां येतात, ही गोष्ट दक्षिणेंत त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. आणखीहि एक गोष्ट पाहण्यासारखी होती. रागाचें लक्षण गीतांत बांधून शिकविण्याचा प्रघात दक्षिणेंत जुना होता. सुब्बराम दीक्षितांच्या त्याच वर्षीं छापून निघालेल्या संगीतसंप्रदायप्रदर्शिनी ह्या ग्रंथांत अशीं गीतें आहेत. भातखंडे यांच्या लक्षणगीतांचें बीज येथलेंच असावें, असा आमचा तर्क आहे. बीज दक्षिणेंतलें असलें तरी तें उत्तरेच्या मातींत लावून वाढविण्याचें श्रेय मात्र त्यांचेंच.

१९०७ सालीं नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, हैदराबाद. १९०८ सालीं अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर, उदेपूर. प्रत्येक ठिकाणीं प्रश्नांची यादी बरोबर असे, आणि रात्रीं मुक्कामावर येऊन दिवसभराची हकीकत लिहिली जाई. कोठें आदर झाला, कोठें उडवाउडवीचीं उत्तरें मिळालीं, कोठें उघड अपमानहि झाला. नामांकित पंडितांना संगीतरत्नाकर ह्या तेराव्या शतकांतील महान् ग्रंथाचें नांव ठाऊक होतें. परंतु त्यांतला एखादा राग गाऊन दाखवा म्हटलें कीं सर्वांची वाचा बसे. भातखंडे यांच्या लेखणींत अशा वेळीं कडवटपणा येतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. अडाणी पण गोड गळ्याच्या गवयाबद्दल त्यांना जितकी माया वाटावयास हवी होती तितकी नेहमींच वाटली असें दिसत नाहीं. प्रश्न विचारणाऱ्याची घाई आणि उत्तर देणाऱ्याची भीड यांची गांठ पडली म्हणजे असें व्हावयाचेंच.

तरीहि भांडारें उघडलीं. जयपूरच्या मनरंग घराण्यांतील मोहंमद अली खां कोठीवाल यांच्या घराण्याकडून त्यांना शेंकडों जुन्या चिजा मिळाल्या, व त्यांतील पुष्कळ त्यांनीं फोनोग्राफ यंत्रावर उतरून घेतल्या. रामपूरचे नबाब हमीद अली खां हे संगीताचे मोठे जाणकार. त्यांच्या दरबारीं तानसेनाच्या परंपरेंतील बीनकार वजीर खां होते. वय होऊन गेलेल्या, पदवीधर, ग्रंथकार भातखंडे यांनीं तेथें शिष्यत्व पतकरलें. ज्ञानासाठीं मान लववावयास त्यांना कमीपणा वाटला नाहीं.

आतां त्यांच्या ग्रंथांकडे वळूं. १९१० सालीं श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा त्यांचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रचारांत असलेलें. जुन्या ग्रंथांत काय लिहिलें आहे त्यापेक्षां आज गवई काय गातात हें आधीं पाहावें, आणि त्यावरून शास्त्र बांधावें, असा ह्या नांवाचाच अर्थ आहे. बिलावल हा शुद्ध स्वरांचा मेळ धरून त्यांनीं हिंदुस्थानी राग दहा थाटांत बसविले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. ग्रंथावर नांव मात्र भातखंडे यांचें नव्हतें. चतुरपंडित असें होतें. त्याच वर्षीं हिंदुस्थानी संगीतपद्धति ह्या त्यांच्या मराठी ग्रंथाचा पहिला भाग निघाला. चौथा व शेवटचा भाग निघावयास १९३२ साल उजाडलें. गुरु व शिष्य यांच्या संवादाच्या रूपानें लिहिलेल्या ह्या ग्रंथाचीं दोन हजारांहून अधिक पृष्ठें आहेत, आणि हिंदुस्थानी संगीताचा एवढा मोठा विचार मराठींत प्रथम लिहिला गेला ही आपल्या भाषेला भूषणाची गोष्ट आहे. गंमत अशी कीं ह्या मराठी ग्रंथांतील गुरु ठिकठिकाणीं चतुरपंडिताच्या मताचा आधार देतो, जणूं तो कोणी निराळाच विद्वान् होऊन गेला! स्वतःच्या मताला स्वतःचीच साक्ष काढण्याचा हा वकिली डाव आम्हांला पुरता पसंत नाहीं. पण संस्कृतांत लिहिलेल्या वचनाशिवाय ज्या समाजाचें समाधान होत नाहीं, त्या समाजानेंहि ह्या दोषाचा थोडा वांटा उचलावा.

ह्या सर्व थोर ग्रंथांहून शाळेंतील मुलांना जवळचें असें त्यांचें काम म्हणजे लक्षणगीतें. ग्रंथ विद्वानांसाठीं होता. परंतु संस्कृत न जाणणारा गवई, मराठी न जाणणारा उत्तरेकडील शिष्य, आणि दहा वर्षांचें पोर, ह्यांच्यापर्यंत शास्त्र कसें पोंचावें? त्यांनीं तें गाण्यांतच घातलें. व्रजभाषेच्या वळणाची सोपी हिंदी, त्रिताल, झपताल किंवा एकतालासारखा नेहमींचा ताल, एक अस्थायी, एक अंतरा. तेवढ्यांत रागाचा थाट, आरोहांत व अवरोहांत वर्ज्य होणारे स्वर, वादी, संवादी, गाण्याची वेळ, आणि शेजारच्या रागापासून तो कसा ओळखावा ह्याची खूण. शेवटीं बहुधा चतुर हें नांव.

ह्यांत शेजारच्या रागाची खूण ही सर्वांत महत्त्वाची. एक उदाहरण देतों. ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांनीं तें वाजवून पाहावें. षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम, धैवत हे पांच शुद्ध स्वर घ्या. मध्यम व निषाद टाळा. ह्याच पांच स्वरांत भूप होतो आणि ह्याच पांच स्वरांत देशकार होतो. भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. तो रात्रीच्या पहिल्या प्रहरीं गातात, आणि त्याचा सारा ओढा सप्तकाच्या खालच्या अर्ध्याकडे असतो. देशकाराचा वादी धैवत, संवादी गंधार. तो सकाळीं गातात, आणि तो वरच्या अर्ध्यांत खेळतो. भातखंडे यांनीं भूप कल्याण थाटांत घातला व देशकार बिलावल थाटांत. कोणी हुशार विद्यार्थी येथें विचारील कीं ज्या रागांत मध्यम मुळींच नाहीं त्याचा थाट कल्याण कीं बिलावल हें ठरविलें कशावरून? प्रश्न रास्त आहे. रागाच्या चालीवरून, म्हणजे तो कोणत्या रागाच्या अंगानें चालतो हें पाहून, तें ठरविलें. केवळ स्वरांची यादी पाठ करणाऱ्याला हा भेद कधींहि समजावयाचा नाहीं. पण ज्यानें भूपाचें लक्षणगीत भूपांत आणि देशकाराचें देशकारांत दहा वेळां म्हटलें आहे, त्याच्या गळ्यालाच तो समजतो. एकांत गंधारावर विसावा घ्यावासा वाटतो, दुसऱ्यांत धैवतावर.

मारवा, पूरिया व सोहनी ह्या तिघांची गोष्टहि अशीच. तिघांनाहि ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि पंचम वर्ज्य. मारवा ऋषभावर आणि धैवतावर जोर देऊन सूर्यास्ताच्या वेळची हुरहूर उभी करितो. पूरिया गंधार-निषादांचा आधार घेऊन खालच्या सप्तकांत गंभीरपणें फिरतो. सोहनी उत्तररात्रीची, ती तारषड्जाच्या आसपास चमकत असते. हीं तीन भावंडें अंधारांतहि ओळखूं यावींत एवढी जाण मुलाला देणें, हें लक्षणगीताचें काम.

हीं गीतें काव्य म्हणून कशीं आहेत? आम्ही भाषा शिकवितों, तेव्हां खरें तें सांगितलें पाहिजे. काव्य म्हणून तीं सामान्यच आहेत. वादी, संवादी, औडव, संपूर्ण असे शब्द ज्या गाण्यांत भरावयाचे त्यांत विरहाला आणि पावसाळ्याला फारशी जागा उरत नाहीं. परंतु पाण्याची घागर सोन्याची नाहीं म्हणून कोणी तहानलेला परत जात नाहीं. शिवाय त्यांच्या चाली चांगल्या आहेत, आणि शब्द जें सांगतात तें चाल करून दाखविते. हा गुण ज्यांच्या अंगीं आहे अशीं पाठ्यपुस्तकें आम्हांला फार थोडीं ठाऊक आहेत.

गीत रचलें तरी तें परगांवीं पोंचवावयाचें कसें? त्यासाठीं स्वरलिपि हवी. ह्या कामांत भातखंडे पहिले नव्हते. मौलाबक्ष यांनीं १८८६ सालीं बडोद्यास गायनशाळा काढली होती व स्वरलेखनहि चालविलें होतें. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून आपली निराळी लिपि प्रचारांत आणिली. भातखंडे यांच्या लिपीचा गुण तिच्या सोपेपणांत आहे. स्वराखालीं आडवी रेघ म्हणजे कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. खालीं टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार. एका मात्रेंत अनेक स्वर असतील तर त्यांच्याखालीं एक कमान. देवनागरी वाचतां येणाऱ्या कोणासहि ही लिपि एका आठवड्यांत येते, आणि कोणत्याहि साध्या छापखान्यांत ती छापतां येते. ह्या लिपींत त्यांनीं क्रमिक पुस्तकमालिका नांवाचे सहा भाग तयार केले. एकेका रागाचें सरगम, मग लक्षणगीत, मग ख्याल, धृपद, धमार असा त्यांत साधारण क्रम आहे. निरनिराळ्या घराण्यांतील हजाराहून अधिक चिजा अशा रीतीनें कोणाहि माणसाला उघड्या झाल्या.

आक्षेप पुष्कळ आले, आणि ते सगळेच मत्सराचे नव्हते. कित्येक गवयांचें म्हणणें असें कीं आमच्या घराण्याची चीज पुस्तकांत छापली ती वेगळ्याच रूपानें छापली. कित्येकांनीं दाखविलें कीं दहा थाट अपुरे पडतात. पटदीप घ्या: त्यांत गंधार कोमल आणि निषाद शुद्ध. काफींत तो नीट बसत नाहीं, आणि दुसरा थाटहि त्याला मिळत नाहीं. श्रुतींच्या वादांत तर मोठीच जुंपली. सातारकडचे न्यायाधीश क्लेमंट्स व कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींची पेटी तयार करविली होती. १९१६ सालच्या बडोद्याच्या परिषदेंत तिच्यावर बराच खल झाला, आणि भातखंडे यांनीं तिचा पक्ष मान्य केला नाहीं. सर्वांत खोल आक्षेप मात्र हा, कीं राग हा नियमांत सांपडत नाहीं. नियम पाठ करून गवई होत नाहीं. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. आरोह-अवरोह बिनचूक सांगणारे आणि चार स्वर सुरेल न लावणारे परीक्षार्थी आम्हीं पाहिले आहेत. पण व्याकरण पाठ करून कवि होत नाहीं, म्हणून व्याकरण शिकवूं नये असें कोणी म्हणत नाहीं. आणि भातखंडे यांनीं स्वतः गुरूची जागा पुस्तकाला देऊं केलेली नव्हती. त्यांचा पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर लहान वयांतच त्यांच्याकडे आला. त्याची तयारी पुरी व्हावी म्हणून त्यांनीं त्याला बडोद्यास फैयाज खां ह्या थोर गायकापाशीं धाडिलें. पुस्तक लिहिणारा आपला शिष्य उस्तादाच्या पायांशीं बसवितो, ह्यावरून त्याच्या मनांतील तोल दिसून येतो.

परिषदांचा वृत्तान्त थोडक्यांत सांगतों. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढें १९१८ सालीं दिल्लीस, १९१९ सालीं काशीस, आणि नंतरच्या दोन लखनौस भरल्या. ज्यांचें एकमेकांशीं पटत नव्हतें असे गवई, संस्थानिक, पंडित व शिक्षक एका मांडवाखालीं बसले, रागांच्या रूपांविषयीं भांडले, आणि पुष्कळदां न मिटलेलीं भांडणें घेऊन घरीं गेले. तरी त्या भांडणांना आतां छापील कागदाचा आधार मिळाला होता. ग्वाल्हेरीस १९१८ सालीं महाराज माधवराव शिंदे यांच्या साह्यानें माधव संगीत विद्यालय निघालें. लखनौस राय उमानाथ बली व प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या खटपटीनें १९२६ सालीं संगीताचें महाविद्यालय उघडलें. त्यास तेव्हांचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचें नांव दिलें. ज्या विद्येला दरबाराचा किंवा कोठ्याचा आसरा असे ती आतां फळ्याच्या व खडूच्या सोबतीनें वर्गांत येऊन बसली. मध्यम वर्गांतील आईबाप आपल्या मुलींना उघडपणें गाणें शिकवूं लागले, त्याला जीं कारणें झालीं त्यांत हें एक मोठें कारण होय.

१९३३ सालीं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतरचीं तीन वर्षें ते मुंबईस अंथरुणाला खिळून होते. क्रमिक पुस्तकमालिकेचें काम पुरें व्हावयाचें राहिलें होतें. शिष्यांनीं तें सोडलें नाहीं. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीच्या दिवशीं, त्यांचें देहावसान झालें. सहावा भाग १९३७ सालीं छापून बाहेर पडला.

रातंजनकर १९२८ पासून पुष्कळ वर्षें लखनौच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्या महाविद्यालयास पुढें भातखंडे यांचें नांव देण्यांत आलें. २००० सालीं त्यास अभिमत विश्वविद्यालयाचा दर्जा मिळाला आणि २०२२ सालीं तें राज्य विश्वविद्यालय झालें. १९६१ सालीं भारताच्या टपाल खात्यानें भातखंडे यांचें तिकीट काढिलें. मूळ मराठी पुस्तकांचे हिंदी अनुवाद हाथरस येथून प्रसिद्ध झाले, आणि तीं पुस्तकें उत्तर हिंदुस्थानांत इतकीं पसरलीं कीं तीं प्रथम मराठींत लिहिलेलीं आहेत ह्याची तिकडील पुष्कळ विद्यार्थ्यांना वार्ताहि नाहीं. तीं मुलें लक्षणगीताच्या शेवटच्या ओळींत चतुर हा शब्द म्हणतात आणि पुढच्या रागाकडे वळतात.